सुपरहिरोचे कपडे शिवतं कोण?

सुईदोरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं या संस्थळावर वाचनमात्र आहे, चर्चेचा हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आधीच सांगते, मी या विषयातली जाणकार वगैरे अजिबात नाही. इचलकरंजीत माझं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. पिक्चर बघायचा तो शटर ओढल्यावर, आणि तोही पोरं लावतील तो. सायन्स फिक्शन आणि सुपरहिरो लागले की मी आपली भाजी निवडायला बसायचे.

मग दिवाळीनंतर एक बाई आल्या. मुलगा दुसरीत, शाळेच्या गॅदरिंगला त्याला स्पायडरमॅन व्हायचंय. म्हटलं बाजारात तयार मिळतो की. तर म्हणे, "तो झबल्यासारखा दिसतो, तुम्हीच शिवा." मोबाइलवर फोटो दाखवला. मी फोटो मोठा करकरून बघितला, पण कुठं एक शिवण दिसेल तर शपथ! चेन कुठाय? माणूस आत शिरतो कुठून? हातमोजा बाहीला जोडलाय की वेगळा? ॲडव्हान्स घेऊन बसले होते, त्यामुळे पोराला म्हटलं, तुझे ते सगळे स्पायडरमॅन लाव एकदा. त्याला आईनं असं आपणहून म्हटल्याचा इतका आनंद झाला की तीन आठवड्यांत त्यानं मला स्पायडरमॅनवरून बॅटमॅन, आयर्न मॅन करत करत पार अंतराळात नेऊन सोडलं.

तर आता माझी मतं. अडाण्याची समजा, पण शिवणाऱ्याची आहेत.

२००२ चा पहिला स्पायडरमॅन. त्यात पोरगा आधी कुस्तीला जातो तेव्हाचा पोशाख बघा. साधा स्वेटशर्ट, वर रंगवलेला कोळी. हे घरी केलंय, पटलं. आणि पुढच्या काही मिनिटांत अंगावर एकदम जाळीचे उठावदार पट्टे असलेला, कुठं चुणी नसलेला सूट! हा कुणी शिवला? घरात काकू आणि तो. शिलाई मशीन एकदाही दिसलं नाही. लायक्रासारखं ताणणारं कापड साध्या सुईनं, सरळ टाक्यानं शिवलं तर पहिल्याच उडीला टाके तटातट तुटतात. गोल टोकाची सुई लागते, झिगझॅग मारावा लागतो. नवशिक्याचं काम नाही ते. म्हणून मी तोंड वाकडं करूनच बसले होते.

पण मग २००४ चा दुसरा भाग. त्यात तो बिचारा सार्वजनिक लॉन्ड्रीत तो सूट बाकीच्या कपड्यांबरोबर धुतो आणि सगळ्या पांढऱ्या कपड्यांना रंग लागतो. तिथं मी त्याला माफ केलं. भाडं थकलंय, पिझ्झा वेळेत पोचवता येत नाही, आणि वर कपड्यांचा रंग गेलाय. हा माणूस मला कळला. तो इमारतींवरून उड्या मारतो हे मग मी निमूटपणे मान्य केलं.

तेव्हापासून हीच माझी फूटपट्टी झालीय. ज्या सिनेमाला पोशाखाची काळजी आहे, त्याचं बाकीचं सगळं मला खरं वाटतं.

बॅटमॅनचंच घ्या. २००८ च्या सिनेमात तो आपल्या माणसाकडं तक्रार घेऊन जातो की या पोशाखात मान वळत नाही. तो नवीन करून देतो, पण सांगतो की आता मधे फटी राहणार, चाकू-गोळीपासून पहिल्याइतकं संरक्षण नाही. अगदी आमच्या दुकानातला संवाद! काखेत सैल केलं तर फिटिंग जाणार, ताई, मग बोलायचं नाही.

आयर्न मॅनचा पहिला भागही आवडला. गुहेत बसून घण मारमारून पत्रे ठोकतो. पुढं घरी यंत्रं त्याच्या अंगावरून सूट काढायला बघतात आणि तो मधेच अडकतो, नेमकी तेव्हाच ती सेक्रेटरी येते. घट्ट ब्लाउज डोक्यात अडकलेल्या कुठल्याही बाईला तो सीन समजावून सांगायला नको. पण पुढं पुढं छातीवरच्या डबीतून सूट आपोआप पाझरायला लागला आणि माझा रस गेला. ना माप, ना ट्रायल. मेलेली माणसं परत येण्याचंही तसंच. एकदा आली, दोनदा आली, मग मी रडणं बंद केलं.

अंतराळवाल्यांपैकी 'इंटरस्टेलर' निम्मा डोक्यावरून गेला. पण त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं, आणि तो परत येऊन २३ वर्षांचे साठलेले निरोप बघतो, तिथं मी उठून स्वयंपाकघरात गेले. आणि 'ड्यून'! वाळवंटात घालायचा तो सूट अंगातला घाम गाळून परत प्यायचं पाणी करतो. एप्रिलात आमच्या पत्र्याच्या दुकानात बसून इस्त्री करणाऱ्या बाईला याहून मोठं विज्ञान कुठलं वाटणार?

तर सांगा, तुम्हाला कुणाचा पोशाख खरा वाटला? आणि चेन मागं लावू की पुढं, तेही सांगा.


कट्टाबहाद्दर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.


पोस्टक्रेडिट

लेख भारी, पण त्या डबीतून पाझरणाऱ्या नॅनो सूटवर अन्याय झालाय. २००८ पासून २०१९ च्या 'एंडगेम'पर्यंत मार्व्हलचे २२ सिनेमे आहेत आणि टोनी स्टार्कचे, म्हणजे आयर्न मॅनचे, सूट मार्क १ पासून मार्क ८५ पर्यंत गेलेत. पहिला पत्र्याचा, मग सुटकेसमध्ये मावणारा, मग तुकड्या-तुकड्यानं उडत येऊन अंगाला चिकटणारा, शेवटी नॅनो. तुम्ही मधले सोडून एकदम शेवटच्यावर आलात म्हणून तो आयता वाटतो. आणि सूट सोपा होत जातो तसतसा माणूस अवघड होत जातो. गुहेत होता तेव्हा त्याला फक्त स्वतःचा जीव वाचवायचा होता. शेवटी सगळं हाताशी असताना तो चुटकी वाजवतो आणि अर्धं अंग जळतं. तो सूट काही त्याला वाचवत नाही.

पहाटेच्या शोला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा उजाडलं होतं आणि सगळे रांगेत उभं राहून न बोलता चहा पीत होते.


सुईदोरा

@पोस्टक्रेडिट, हे पटलं. तो परत आला नाही, म्हणून तिथं रडलेच होते मी. पण चुटकीचा हिशेब मला अजून कळला नाही. चुटकीसरशी निम्मी माणसं नाहीशी करून तो खलनायक थॅनोस नक्की काय मिळवतो?


गुरुत्वमध्य

काही मिळवत नाही, हाच तर विनोद आहे. आज आपण १४० कोटींच्या पुढं आहोत. निम्मे करा, ७० कोटी. १९८१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या ६८ कोटी होती. म्हणजे चुटकीला लागणारे एवढे सहा जादूचे मणी गोळा करून, विश्वभर मारामाऱ्या करून हा गृहस्थ आपल्याला नेऊन सोडतो कुठं, तर जवळपास १९८१ मध्ये. रेशनची रांग, रॉकेलची रांग, फोनसाठी नंबर. आणि तिथून पुन्हा १४० कोटींवर यायला आपल्याला ४०-४२ वर्षं पुरली. पुढच्या चुटकीची तारीख आत्ताच पंचांगात घालायला हरकत नाही.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे सिनेमे बघताना घरचे मला शेजारी बसवत नाहीत. सुपरमॅन चाळिसाव्या मजल्यावरून पडणाऱ्या बाईला खाली झेलतो. हवेचा अडथळा सोडला तर १२० मीटर पडल्यावर तिचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. त्या वेगानं पोलादी हातांवर आदळणं आणि रस्त्यावर आदळणं यात तिच्या दृष्टीनं फरक काय? वाचवायचं तर तिच्याबरोबर खाली जात जात हळूहळू वेग कमी करायला हवा. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागं घेतो तसं.

'अँट-मॅन'मध्ये तर धागाकर्तीच्या विषयाचीच गोची आहे. सिनेमा म्हणतो की अणूंमधलं अंतर कमी होतं म्हणून माणूस लहान होतो. बरं. मग वजन तेवढंच राहायला हवं. पण त्याच सिनेमात म्हातारा शास्त्रज्ञ आख्खा रणगाडा लहान करून किल्लीच्या जुडग्याला लावून फिरतो! खिशाची शिवण टिकते कशी?


सुईदोरा

खिशाला आतून डबल अस्तर लावलं तरी रणगाडा नाही हो पेलणार. 😄


जाम_बोअर

अरे हा सायफायचा धागा आहे की शिवणक्लासचा? संपादक, 'छंद आणि कला' विभागात हलवा. (हलके घ्या.)


वांगंभरीत

@जाम_बोअर, हलवू नका, इथंच राहू द्या. सायफाय आणि शिवणकाम यांचा संबंध तुम्हाला वाटतो त्याहून जुना आणि खरा आहे.

मी अमेरिकेत डेलावेअर राज्यात राहते. इथल्या डोव्हर गावाची ओळख पाहुण्यांना करून देताना मी नेहमी हीच गोष्ट सांगते. १९६९ साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या अंगावरचा पोशाख कुणी शिवला होता? एखाद्या विमान कंपनीनं नाही. 'प्लेटेक्स' या नावानं ब्रा आणि गर्डल विकणाऱ्या कंपनीच्या एका शाखेनं. आणि शिवणाऱ्या होत्या तिथल्या शिलाई विभागातल्या बायका, ज्यांचा हात आधी अंतर्वस्त्रं आणि लहान मुलांच्या डायपर-पँटवर बसलेला होता. नायलॉन, रबर, चकाकणारी फिल्म, काचेच्या धाग्याचं कापड असे २१ थर, एकावर एक. टाका जरा इकडंतिकडं झाला तर तुकडा बाद. टाचण्या वापरण्यावर कडक नियम, कारण एक टाचणी आत राहिली आणि तिनं हवेच्या थराला भोक पाडलं तर माणूस गेला. शिवून झालेल्या सुटाचे एक्स-रे काढून टाचणी राहिलीय का ते बघायचे.

मोठमोठ्या कंपन्यांचे कडक, चिलखतासारखे सूट त्यांच्यापुढं मागं पडले, कारण त्यात हातपाय वाकत नव्हते. या बायकांच्या सुटात वाकत होते. तुमचा बॅटमॅनचा प्रश्नच की हा, मान वळत नाही!

आता सिनेमाकडं. 'ग्रॅव्हिटी' २०१३ चा, सात ऑस्कर वगैरे. त्यात सँड्रा बुलक यानात येऊन स्पेससूट उतरवते आणि आत काय, तर बनियन आणि आखूड चड्डी. दिसायला सुंदर, आईच्या पोटातल्या बाळासारखी तरंगते. पण खऱ्या अंतराळवीराच्या अंगात आत पाण्याच्या बारीक नळ्या शिवलेला एक घट्ट पोशाख असतो, अंग गार ठेवायला. आणि त्याच्याही आत डायपर. यानाबाहेर सहा-सात तास काम चालतं, मधे उठून कुठं जाणार?


सुईदोरा

@वांगंभरीत, ही पोस्ट मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली. काजं-बटणं करायला येणाऱ्या काकी ऐकत होत्या. म्हणाल्या, "टाचणीचं बरोबर हाय. मी मोजूनच घेते आणि मोजूनच ठेवते." मग जरा वेळानं म्हणाल्या, "त्यांची नावं लिवली का कुठं, त्या बायकांची?"


गुरुत्वमध्य

'ग्रॅव्हिटी'चा विषय निघालाच आहे तर माझं जुनं दुखणं. जॉर्ज क्लूनी दोरीला लटकलेला असतो आणि आपल्या वजनानं बुलकलाही ओढून नेईन म्हणून दोरी सोडून देतो. पण तिथं ओढतंय कोण? दोघं एकाच वेगानं पृथ्वीभोवती फिरतायत. दोरी ताणली जाऊन दोघं थांबली की हलकासा हिसका पुरे, तो तिच्याकडं तरंगत आला असता. थिएटरात हे मोठ्यानं बोललो आणि बायकोनं पॉपकॉर्नचा डबा काढून घेतला.

बाकी आवाजाचं मात्र त्यांनी छान सांभाळलंय. बाहेर सगळं फुटतंय आणि काही ऐकू येत नाही. निर्वातात आवाज जात नाहीच.

अवांतर: आपलं मंगळयान त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालं. खर्च सुमारे ४५० कोटी, म्हणजे या सिनेमापेक्षा कमी. फरक एवढाच की आपल्या यानाला क्लूनी नव्हता.


शालनमावशी

तुम्हा पोरांचं चालू द्या. मी जुन्या जमान्यातली, म्हणजे १९८७ साली 'मि. इंडिया' टॉकीजमध्ये बघितलेली. त्याला पोशाखच नाही. आपली डोक्यावर हॅट आणि अंगात कोट. मनगटावर ते यंत्र बांधलं की अदृश्य, आणि लाल काचेतून दिसतो. एवढाच नियम, आणि तो शेवटपर्यंत पाळलाय. बिड्या ओढणारा पुढच्या रांगेतला माणूससुद्धा लाल दिवा लागला की ओरडायचा, "आरं पळ!" आजकालच्या सिनेमात कोण कशानं मरतं आणि कशानं नाही, हे नातू मला थांबवून थांबवून समजावतो.

आणि त्यातली ती लहान मुलगी बॉम्बस्फोटात जाते ती जातेच. परत आणली नाही कुणी.

सुईदोरा, तू कोल्हापूर भागातली आणि भानू अथय्यांचं नाव नाही काढलंस? भारताचं पहिलं ऑस्कर कुणाचं, तर कोल्हापुरात जन्मलेल्या या बाईंचं. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी, १९८३ साली. सुपरहिरोचा नसेल, पण पंचा आणि खादी खरी वाटायला लावणं ही काय कमी करामत?


सुईदोरा

मावशी, चूक झाली, कान पकडले. दुकानात त्यांचा पेपरातला फोटो लावलाय, रोज बघते आणि नेमकं लिहिताना विसरले.


गुरुत्वमध्य

मावशींची माफी मागून: अदृश्य माणूस आंधळा असणार. डोळ्यातल्या पडद्यावर प्रकाश अडला तरच दिसतं. तो पारदर्शक झाला की प्रकाश आरपार. मोगँबोचा अड्डा चाचपडत शोधावा लागला असता.


शालनमावशी

गुरुजी, तुमच्या बायकोनं पॉपकॉर्न काढून घेतलं ते बरोबरच केलं.


निळापडदा

मुंबईत व्हीएफएक्सचं, म्हणजे सिनेमातल्या कॉम्प्युटरवरच्या करामतींचं काम करतो, म्हणून थोडी भर.

माणूस उडताना दाखवायचा तर त्याला निळ्या किंवा हिरव्या पडद्यासमोर शूट करतात आणि मग तेवढाच रंग काढून मागं आकाश घालतात. पण अंगावरच्या कपड्याचा रंग पडद्याशी जुळला की कपडाही गायब! १९७८ च्या सुपरमॅनला हीच अडचण आली, कारण पोशाख निळा आणि पडदाही निळा. म्हणून उडण्याच्या दृश्यांसाठी वेगळ्या, हिरवट झाक असलेल्या निळ्याचा सूट वापरला. २००२ च्या स्पायडरमॅनमध्ये तर दुहेरी पंचाईत. नायक लाल-निळा, म्हणून त्याला हिरवा पडदा. खलनायक गॉब्लिन हिरवा, म्हणून त्याला निळा पडदा. म्हणजे हे दोघं पडद्यासमोर भिडायचे तर एका फ्रेममध्ये चालायचंच नाही. वेगवेगळं शूट करून जोडायचं.

त्यामुळे धागाकर्ती, कापडाचा रंग हा आमच्याकडं हिरोच्या तारखांइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो. आणि हल्ली बऱ्याचदा पोशाख नसतोच. नट ठिपके लावलेल्या राखाडी कपड्यात उभा असतो, सूट आमची पोरं रात्री जागून 'शिवतात'. तुमचा रस तिथं का जातो हे मला आतून कळतं, पण आमच्या पोरांच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघितलीत तर थोडा रस परत येईल. मेहनत तिथंही आहे, फक्त सुई दिसत नाही.

२०२३ चा जपानी 'गॉडझिला मायनस वन' बघा. अवघ्या ३५ जणांच्या टीमनं सहाशेच्या वर शॉट केले आणि व्हीएफएक्सचं ऑस्कर नेलं.


सुईदोरा

@निळापडदा, हे वाचून ओशाळले. "आपोआप पाझरतो" हे शब्द मागं घेते. आपोआप काहीच होत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं.


सूतगिरणी

हिरव्या पडद्याचा विषय निघाला आणि राहवलं नाही. आम्ही मालेगावचे. इचलकरंजीच्या ताईंना यंत्रमागाचा आवाज वेगळा सांगायला नको.

आमच्या गावानं स्वतःचा सुपरमॅन केलाय. नासिर शेख आधी व्हिडिओ पार्लर चालवायचे. तिथं बघून बघून, कापून जोडून ते शिकले आणि गावातल्याच लोकांना घेऊन सिनेमे करायला लागले. आधी मालेगावचा 'शोले', मग सुपरमॅन. त्याच्या शूटिंगवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली केलेला माहितीपट आहे, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. जरूर बघा.

सुपरमॅन झाला होता शफीक, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. आठवडाभर माग आणि शुक्रवारी सुट्टी, कारण त्या दिवशी गावात माग बंद. अंगात निळा पोशाख, वर लाल चड्डी आणि तिची नाडी लोंबतेय! त्याला उडवायचा कसा, तर हिरवं कापड लावायचं आणि त्याच्यापुढं आडवा धरायचा. एका शूटिंगला कॅमेराच पाण्यात पडला. तेवढाच एक कॅमेरा. त्यावर कुणी रडत बसलं नाही, दुरुस्त करून पुढं.

ताई, तुमची फूटपट्टी इथं लावा. कोट्यवधी डॉलरच्या पोशाखाला शिवण दिसत नाही म्हणून तुम्हाला तो खरा वाटत नाही. आमच्या सुपरमॅनची तर नाडीही दिसते.

शफीक २०११ मध्ये कॅन्सरनं गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत याच सगळ्यावर रीमा कागती यांचा हिंदी सिनेमा आला. बघितला. चांगला केलाय. पण माहितीपटातला खरा शफीक कॅमेऱ्याकडं बघून लाजतो, ते कुठला नट करणार?


सुईदोरा

काल दुकान बंद केल्यावर माहितीपट बघितला. दोनदा. आमचे हे सूत बाजारात कामाला, ते कधी सिनेमा बघत नाहीत, तेही शेवटपर्यंत बसले. नाडी बघून आधी हसले आणि मग गप्प झाले. एवढंच म्हणाले, "शुक्रवारी माग बंद म्हणजे पगार पण बंद की रे त्याचा."


कट्टाबहाद्दर

आलो. उशीर झाला.

२००४ च्या स्पायडरमॅनमधला रेल्वेचा सीन कुणीच कसा काढला नाही? तो जाळी सोडून धावती गाडी थांबवतो, पोशाख फाटतो, मुखवटा गेलेला, बेशुद्ध पडतो. आणि डब्यातली माणसं त्याला हातांवर, डोक्यांवरून अलगद मागं सरकवत आत घेतात आणि खाली निजवतात. सगळ्यांनी चेहरा बघितलेला असतो. हा तर पोरगा आहे, असं म्हणतात. मग दोन लहान मुलं मुखवटा परत देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात.

मी १९ वर्षं डोंबिवली फास्टनं गेलोय. गर्दीत चक्कर आलेल्या माणसाला असंच डोक्यांवरून दारापर्यंत पोचवलेलं बघितलंय, खाली पाय टेकायला जागा नसतानाही. त्यामुळे तो सीन न्यूयॉर्कचा आहे असं मला कधी वाटलंच नाही.

पुढं २०२३ च्या ॲनिमेशनवाल्या स्पायडर-व्हर्समध्ये तर आपला माणूसच आहे, पवित्र प्रभाकर. मूळ २००४ च्या कॉमिकमध्ये त्याचा पोशाख खाली चक्क धोतरासारखा. 'चाय टी' म्हणणाऱ्याला झापतो, की चाय म्हणजेच टी, तू टी टी म्हणतोयस. तो सिनेमा मराठीतसुद्धा डब होऊन आला होता. पुतण्याला तोच दाखवला.


सुईदोरा

धोतर असतं तर बरं झालं असतं. निम्मं काम वाचलं असतं माझं.


हिंगोलीकर

'इंटरस्टेलर'वर छोटी भर. त्याचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न. त्यातलं कृष्णविवर त्यांच्या समीकरणांवरून काढलंय, मनानं नाही. त्यांना २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या लायगो प्रकल्पात तो शोध लागला, त्याची भारतातली वेधशाळा आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होतेय. २०२३ मध्ये २६०० कोटींना मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असणार आहेत. औंढा नागनाथाला आलात तर सांगा, लांबून दाखवतो.

आणि मुखवट्यांचं चाललंय म्हणून: जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेतली. आद्याक्षरं उलटी वाचा. पहिलं बक्षीस मिळालं.


पोस्टक्रेडिट

ना. वि. ज. → ज. वि. ना. हे भारीच! सुपरमॅनला क्लार्क केंट म्हणून लपायला नुसता चष्मा होता.


मांजरपाट

मशीनवर बसलेली एकच बाई आठवते, १९९२ च्या बॅटमॅनमधली कॅटवुमन. जीवावरच्या प्रसंगातून उठून घरी येते, कपाटातला काळा चकचकीत कोट काढते, फाडते आणि मशीनवर शिवायला बसते. पांढरे, मोठाले, वेडेवाकडे टाके. सगळ्या सिनेमात ते टाके दिसत राहतात आणि हळूहळू उसवत जातात, तिच्यासारखेच.

आणि अजून एक, २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली', नेटफ्लिक्सवर. हिंदीतही आहे. वीज अंगावर पडून शक्ती येते. हिरो कोण माहितीय? केरळच्या खेड्यातला टेलर!


सुईदोरा

काय सांगता! आजच.

(कॅटवुमनचं खरंय. पण तसलं रेक्झिन घरच्या मशीनवर शिवायचं म्हणजे फूटला चिकटतं. खाली-वर पातळ कागद ठेवून शिवावं आणि मग कागद फाडून काढावा. तिनं कागद घेतला नव्हता, म्हणूनच टाके वाकडे आलेत.)


जाम_बोअर

मी हलवा म्हणालो होतो ते मागे घेतो. पण चेनचं काय ठरलं?


सुईदोरा

सांगते सगळं.

'मिन्नल मुरली' रविवारी सासूबाईंबरोबर बघितला. टेलर हिरो म्हणून मी बसले होते, पण सासूबाई सगळ्या त्या चहाच्या टपरीवर काम करणाऱ्या शिबूच्या बाजूनं. त्यालाही तीच वीज लागलेली. वर्षानुवर्षं एकाच बाईची वाट बघतो आणि गाव त्याला वेडा म्हणतं. ती आगीत सापडल्यावर सासूबाई खुर्चीतून उठल्याच. आता मी हिरोचं नाव काढलं की म्हणतात, "राहू दे तुझा टेलर."

गॅदरिंग परवा झालं. लाल-निळी होजिअरी घेतली, जाळी काळ्या फॅब्रिक कलरनं हातानं काढली, दोन रात्री गेल्या. हातमोजे वेगळे ठेवले. चेन मागं लावली, कारण पुढून लावली असती तर कोळी दोन भागांत कापला गेला असता. आणि व्हायचं तेच झालं. नाच संपला आणि पोराला लागली शू. चेन कापडात अडकली. त्याच्या आईनं स्टेजमागून फोन केला, मी हातातलं टाकून स्कूटीवर कात्री घेऊन शाळेत. बाथरूमच्या दारात कमरेपासून सहा इंच शिवण उसवली आणि जगाचा रक्षक धावत आत गेला.

बाहेर आल्यावर हात धुऊन, मुखवटा बगलेत मारून मला म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी आयर्न मॅन."

पत्र्याचं काम मी घेत नाही म्हणून सांगितलंय.